चप्पल सुटली पाह्यजे

मन्मथअप्पा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत. बघायचे ते पायांकडे. पोरगं टीव्हीसमोर बसून व्हिडिओ गेम खेळत असायचं आणि अप्पा त्याच्यामागे स्टुलावर बसून, दोरीनं बांधलेला चष्मा नाकावर ओढून, त्याच्या टाचा न्याहाळत असायचे. नवख्या माणसाला वाटावं, यांचं चपलांचं दुकान आहे की काय.

अंबाजोगाईत बसस्टँडकडून मंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका माडीवर दोन खोल्या होत्या. एकीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आणि दुसरीत अप्पांचं गेमचं दुकान. मधे प्लायवूडची भिंत. माझ्या पोरींची टकटक तिकडे जायची आणि तिकडचा गोळीबार इकडे यायचा. सुरुवातीला मी भांडायला गेले होते. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमचाबी आवाज काय कमी न्हाई. पण तुमच्या पोरी जागच्या हालत न्हाईत बगा, आन माझी पोरं हालत्यात. एवढाच फरक हाय." मी आपली परत आले. पुढं दहा वर्षं आम्ही शेजारी होतो.

अप्पांच्या घरी भांड्यांचा व्यापार. थोरले बंधू, ज्यांना सगळा बाजार अण्णा म्हणायचा, मंडीतल्या पिढीजात दुकानात बसत. अप्पाही बसले होते काही वर्षं. मग टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम बाजारात आले, कुणीतरी हैदराबादेहून एक आणला, आणि अप्पांचं पितळेतलं लक्ष उडालं ते उडालं. चाळिशी उलटलेला, कपाळाला विभूती, पांढरा लेंगा, गळ्यात लिंग, असा भारदस्त माणूस पोरांना गेम लावून देतो हे अण्णांना फार लागलं. "दुकान सोडून हे पोरखेळ कावून?" असं ते येता-जाता विचारत. अप्पा म्हणत, "खेळ हाय म्हनूनच पोरं येत्यात. भांड्याला कोन रांगा लावतंय?"

रोज सकाळी मशीन चालू करताना ते त्याला हात जोडून "शरणार्थ" म्हणत. त्यांच्या लिंगायत समाजात भेटल्यावर एकमेकांना म्हणतात तसंच. मशीन चालू झालं नाही की मात्र शिव्या देत.

तर पायांचं असं. अप्पांचा सिद्धांत होता की गेम हातानं खेळतात पण आवडला की नाही ते पायाला विचारावं. पोराला गेम लागला की आधी अंगठा वळतो, मग टाच उचलते, मग चप्पल लोंबायला लागते आणि शेवटी गळून पडते. "तोंडाचं काय ऐकायचं ताई? तोंड खोटं बोलतंय. चप्पल सुटली पाह्यजे." आणि सगळ्यांवर कडी म्हणजे पोरगं चप्पल विसरून अनवाणी घरी जाणं. असं त्यांच्या दुकानात फार क्वचित झालं. झालं की ते दिवसभर खुशीत असत आणि ती चप्पल दारातल्या खिळ्याला टांगून ठेवत. मग आई शिव्या देत माडी चढून यायची आणि अप्पा तिचं स्वागत पाहुण्यासारखं करायचे.

या परीक्षेसाठी त्यांच्याकडे उलटा नियम होता. त्या काळी कम्प्युटर असलेल्या कुठल्याही खोलीत चप्पल बाहेर काढून जावं लागे. धुळीनं मशीन बिघडतं म्हणत. बँकेत असो की कॉलेजात, देवघरात शिरल्यासारखं अनवाणी शिरायचं. अप्पांच्या दारावर मात्र पाटी होती, "चपला घालूनच आत यावे." धूळ ते स्वतः पुसत.

ते दिवस सगळीकडे 'बजेट' हा शब्द चालू झाला होता तेव्हाचे. पूर्वी तो फक्त दिल्लीचा असायचा. आता लग्नाचं बजेट, गणपतीचं बजेट, न्हाव्याचंसुद्धा बजेट. कम्प्युटरची मासिकं अप्पा पुण्याहून मागवत. त्यात कधी एकदा त्यांनी वाचलं की परदेशात एकेक गेम करायला शेकडो माणसं बसतात आणि सिनेमाइतका पैसा लागतो. ते मासिक घेऊन ते तडक माझ्याकडे आले. "ताई, हे काय खरं न्हाई. भांडं मोठं केलं म्हनून डाळ शिजत न्हाई. जाळ लागतो."

अण्णा योगायोगानं माडीवर आले होते. त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "आन लहान भांड्यात वऱ्हाड जेवत न्हाई, मन्मथ."

दोघंही भांडीवाले, तेव्हा दोघंही बरोबर असणार असं मी धरून चालले. पण अप्पांना ते वाक्य टोचलं. वऱ्हाड जेवत नाही काय, बघू, म्हणून त्यांनी स्वतःचा गेम करायला घेतला.

कम्प्युटर त्यांच्याकडे आला होता, कुणीतरी वापरून टाकलेला. पुस्तकं आणून ते प्रोग्रॅम लिहायला शिकले. रानात एकटं राहून शिकावं तसं शिकले, म्हणजे काही गोष्टी फार पक्क्या आणि काही अजिबात नाहीत. विषय ठरलेलाच होता. अप्पा मूळचे धारूरचे. तरुणपणी किल्ल्याखालच्या मैदानावर ते आट्यापाट्या खेळत आणि त्यांचं नाव होतं म्हणे. हा खेळ आता फार कुणी खेळत नाही म्हणून सांगते. जमिनीवर एकामागं एक आडव्या पाट्या आखतात. प्रत्येक पाटीवर एक पाटीवाला उभा. त्यानं आपली रेघ सोडायची नाही. त्याला चुकवून सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि परत यायचं. आला की लोण झालं. यात जोर लागत नाही, लागते ती हुल. डावीकडे जातो असं दाखवायचं आणि उजवीकडून निघायचं. "सगळा खेळ खांद्यात हाय," अप्पा म्हणायचे. "खांदा खोटं बोलला पाह्यजे आन पाय खरं."

आमची टीम अडीच माणसांची. एक अप्पा. दुसरे रशीदभाई, ते बाजारातल्या दुकानांच्या पाट्या आणि निवडणुकीचे फलक रंगवत. चित्रं काढायचं काम त्यांच्याकडे. उरलेली अर्धी मी. अप्पा एका बोटानं टाईप करत आणि तेवढ्यात त्यांचं डोकं पुढं पळून जाई, म्हणून त्यांनी हातानं लिहिलेले कागद माझ्याकडे यायचे. त्यातलं मला काही म्हणजे काही कळत नसे. मी आपली टाईप करून द्यायची.

रशीदभाईंची अडचण वेगळी होती. त्यांना चौकटीच्या कागदावर इवलासा माणूस काढायचा होता. "अप्पा, इत्त्याशा डब्ब्यात आदमी कैसा बिठाऊं?" असं कुरकुरत त्यांनी तो बसवला, पण आयुष्यभर हाताला उमेदवारांचं वळण. स्क्रीनवर आला तेव्हा पाटीवाला दोन्ही हात जोडून, किंचित वाकून उभा. अप्पांनी विचारलं, "रशीदभाई, हा अडवायला उभा हाय का मत मागायला?" शेवटी तो तसाच राहिला, कारण पुन्हा काढला तरी तसाच येत होता.

गेमचं नाव 'लोण'. पहिल्यांदा चालू केला तेव्हा पाटीवाला रेघेवर इकडून तिकडे फिरायचा आणि पोरं आरामात निसटून जायची. अप्पांनी पायांकडे बघितलं. सगळ्यांच्या चपला जागच्या जागी. त्यांना त्या पाटीवाल्याकडून हुल हवी होती. त्यासाठी ते कागदावर कागद लिहीत होते, पण हुल काही उतरत नव्हती. एक तर कम्प्युटर लहान, आणि हुल म्हणजे नेमकं काय ते अंगाला माहीत, कागदाला माहीत नाही. "ते माझ्या खांद्यात हाय ताई, पण तिथनं बाहेर निघंना," असं ते एकदा म्हणाले. इतकं हताश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आणि मग पाटीवाल्याचे नवे कागद टाईप करताना ती चूक झाली. माझ्या जुन्या इंग्रजी टाईपरायटरला 'एक' आकड्याची कळच नव्हती. अनेकांना नव्हती. आम्ही टायपिस्ट लोक 'एक'च्या जागी लहान लिपीतला एल मारायचो. दिसायला तो तसाच दिसतो, कुणाचं काही अडत नसे. हाताला तीच सवय. कम्प्युटरवरही मी एल मारत गेले. बाकी ठिकाणी मशीननं आरडाओरडा करून त्या चुका दाखवल्या आणि आम्ही दुरुस्त केल्या. एका ठिकाणी मात्र ते मुकाट बसलं, कारण अप्पांनी झालेली लोणं मोजायला नेमकं एल हेच अक्षर ठेवलं होतं. म्हणजे पाटीवाल्यानं एक पाऊल टाकायचं ते सोडून झाली असतील तितकी लोणं पावलं टाकायला सुरुवात केली.

झालं काय, की पहिल्या खेपेला पाटीवाला हात जोडून ढिम्म उभा. पोरगं हसत हसत पलीकडे जाऊन परत आलं. मग तो हळूच चालायला लागला. आणखी एक लोण झालं की जरा जोरात, आणि पुढं पुढं असा सुसाट की पोराच्या तोंडचं पाणी पळालं. जितकं जिंकाल तितकं अवघड. मेडिकल कॉलेजातला एक मुलगा खेळत होता. त्याची चप्पल सुटली, पलंगाखाली सरकावी तशी टेबलाखाली गेली, आणि तो तसाच हॉस्टेलला निघून गेला. अप्पा ती चप्पल हातात घेऊन माझ्या खोलीत आले. माझ्या पोरी टायपिंग थांबवून बघायला लागल्या. "ताई! पाटीवाला हुल देत न्हाई, गेमच हुल देतोय!"

चूक सापडली तेव्हा मी ती दुरुस्त करायला निघाले. त्यांनी माझा हात धरला नाही एवढंच. "हात लावू नका. मोठ्या कंपनीत तपासायला पन्नास माणसं आसत्यात. तिथं ही चूक जगली नसती. लहान घरातच आसं लेकरू वाचतं." पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हे ऐकवत होते. गेमला आवाज नव्हता, रंग विटलेले होते आणि त्या एका कम्प्युटरशिवाय तो कुठंच चालत नव्हता, हे मात्र ते कुणाला ऐकवत नसत.

'लोण'ची कीर्ती दादांपर्यंत गेली. दादा म्हणजे तालुक्यातल्या एका मोठ्या पुढाऱ्यांचे चिरंजीव. पुण्यात शिकून आलेले, हसतमुख, अदबीनं बोलणारे. चौकात एसी लावून मोठं गेम पार्लर काढायचं त्यांच्या मनात होतं. ते स्वतः माडी चढून आले आणि 'लोण' खेळले. अप्पा त्यांच्यामागे उभे, पण दादांच्या पायात नाडीचे बूट. निकाल लागेना.

"अप्पा, नाद नाही तुमचा," दादा उठत म्हणाले. "ह्याला पैसा लावला, पुण्याची पोरं बसवली, तर काय होईल?"

"बिघडंल."

"कावून?"

"ते चूक काढत्याल."

दादा हसले. अप्पा हसले नाहीत. म्हणाले, "न्या तुमी. फुकट न्या. लावा किती लावायचा तेवढा पैसा. तुमचा गेम खेळून एक जरी मानूस चप्पल इसरून गेला, तर मी माझी पाटी उतरवीन." पाटी म्हणजे दुकानाची, रशीदभाईंनी रंगवलेली, 'लोण व्हिडिओ गेम'. दादांनी हात पुढं केला. भिंतीला टेकून अण्णा उभे होते, त्यांनी फक्त कपाळाला हात लावला.

पुण्याहून दोन इंजिनियर आले. त्यांनी प्रोग्रॅम वाचला आणि विचारलं, "हा एल चुकून आलाय ना?" अप्पा म्हणाले, "चुकूनच आलाय. पण काढू नका." ते मान हलवून हसले, आणि त्या हसण्यावरून आम्ही ओळखलं की काढणार. मग त्यांनी विचारलं, खरा खेळ कसा असतो? आता पैज लावलेल्या माणसानं इथं गप्प बसावं की नाही? अप्पांनी त्यांना जीपमध्ये घालून धारूरला नेलं. मैदानावर फक्कीनं पाट्या आखल्या, लेंगा खोचला आणि पन्नाशीकडे झुकलेला तो जाड माणूस पाटीवर उभा राहून हुल द्यायला लागला. इंजिनियरांनी व्हिडिओ कॅमेरा चालू केला. गावातले म्हातारे जमले आणि नावानं हाका मारायला लागले. डावा खांदा पडायचा आणि अप्पा उजवीकडे असायचे. मी हे ऐकून सांगते आहे. मी गेले नव्हते, पण दुसऱ्या दिवशी ते जिना एकेक पायरी करत चढले ते मी बघितलं.

"अप्पा, तुम्हीच शिकवून आलात की त्यांना," मी म्हटलं.

"हारायचं आसंल तर चांगल्याकडनं हारावं," ते कंबर धरून म्हणाले. "आन हारत तर न्हाईच मी."

वर्षभरानं पार्लर उघडलं. उन्हाळा होता. आम्हां दोघांना आमंत्रण होतं, दादा स्वतः येऊन देऊन गेले होते. नव्या गेमच्या डब्यावर मागच्या बाजूला अप्पांचं नाव छापलं होतं, तेही बिनचूक. दादांचं वागणं कुठं खोट काढावं असं नव्हतंच.

पण अप्पा दारातच थबकले. आत गालिचा, एसी, भिंतीएवढा पडदा. आणि दारावर पाटी, "कृपया चपला बाहेर काढाव्यात." पायऱ्यांवर चपलांचा हा ढीग. अख्खं गाव आत अनवाणी खेळत होतं.

अप्पा त्या ढिगाकडे बघत राहिले. "ताई, हितं तर खेळायच्या आधीच सुटल्यात सगळ्यांच्या. आता बघायचं काय?"

दादा बाहेर आले. अप्पांनी त्यांना अडचण सांगितली. दादांना ते पटलं, त्यांनी दिलखुलास टाळी दिली. "मग बरोबरी धरू अप्पा. या आत, खेळा तरी." मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर त्या पैजेची मला मनातून धास्ती होती. दुकानाची पाटी उतरली असती तर हा माणूस करणार काय होता? अप्पांनी आपल्या चपला ढिगाच्या कडेला नीट काढून ठेवल्या आणि ते आत गेले.

मी थंड पेय घेऊन मागे उभी राहिले. सवयीनं त्यांच्या पायांकडे बघत होते. गालिच्यावरचे ते उघडे पाय काहीच सांगत नव्हते. पडद्यावर लाल माती, हलगीचा आवाज आणि पाटीवर माणसाएवढा माणूस. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की अप्पांचा डावा खांदा हलतो आहे. ते किती वेळ खेळले कुणास ठाऊक. मग उठले, दादांशीही न बोलता माणसांतून वाट काढत बाहेर पडले, पायऱ्या उतरले आणि रस्त्याला लागले. मी धावत मागे.

आमच्या माडीखाली त्यांना गाठलं. "कसा आहे?"

"एल काढला त्यांनी."

"मग बिघडला?"

ते वर आपल्या पाटीकडे बघत होते. "हुल देतो तो, ताई. खरी हुल. मला चार डाव चकवलं त्यानं." आणि म्हणाले, "खांदा माझा हाय."

तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. डांबर पाघळत होतं आणि अप्पा त्यावर उघड्या पायांनी उभे होते. "अप्पा, चप्पल?"

त्यांनी पायांकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. गिऱ्हाइकाचे बघायचे तसेच, चष्मा नाकावर ओढून. मग म्हणाले, "श्टूल आना."

"अहो, दादा स्वतः बरोबरी म्हणालेत!"

"दादांनी कुठं माझे पाय बघितले?"

मला त्यांचा राग आला. रडूही आलं. पण मी स्टूल आणून धरलं. त्यांनी वर चढून पाटीच्या तारा सोडवल्या, ती पदरानं पुसावी तशी शर्टाच्या टोकानं पुसली आणि काखेत मारली. मी म्हटलं, मी जाऊन चपला तरी आणते. "नको," ते म्हणाले. "पडू द्या तिथंच. निकाल हाय तो."

आणि ते अण्णांच्या दुकानाकडे निघाले. पुढं महिनाभरात मी घर बदलून लातूरला राहायला गेले, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर ते तसेच राहिले आहेत. टळटळीत ऊन, पाय अनवाणी, काखेत पाटी. मंडीच्या वळणावर समोरून एक सायकलवाला आडवा आला. अप्पांनी डावा खांदा टाकला, आणि पाटी सांभाळत उजवीकडून निघून गेले.